आरएक्स १०० ड्रॅगसाठी तयार करायची आहे: पोर्ट किती वर घ्यावेत, आणि सुरुवात कुठून करावी?

किकमार

गाडी १९९१ ची यामाहा आरएक्स १००, टू-स्ट्रोक. रस्त्यावर चालवायची नाही, फक्त ४०२ मीटरच्या ड्रॅगसाठी (सरळ पट्टीवरची शर्यत). इंजिन पूर्ण खोललंय. क्रँक बाहेर आहे, ब्लॉक आधीच दुसऱ्या ओव्हरसाइझला गेलेला (दोनदा कापून मोठा केलेला), म्हणजे बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५०.५० मिमी. कार्ब्युरेटर मूळचा २० मिमीचा मिकुनी, इग्निशन पॉइंटवालं, ऑइल पंप चालू, गिअर चारच.

गॅरेजवाल्याचं म्हणणं असं: एक्झॉस्ट पोर्ट (सिलिंडरमधली जळका वायू बाहेर जायची खिडकी) ४ मिमी वर घ्या, हेड २ मिमी मारा, २८ चा कार्ब्युरेटर टाका आणि तयार चेंबर (फुगीर पोटाचा रेसिंग सायलेन्सर) लावा. हे एवढं सरळ आहे का? पोर्टचे आकडे नेमके कसे ठरवायचे? आणि पेट्रोल आता ई२० (२० टक्के इथेनॉलवालं) मिळतंय, त्याचा काही फरक पडतो का?

लेथवाला_भोसरी

सरळ नाही. त्या चारही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत आणि सांगितलेला एकही आकडा मोजून आलेला दिसत नाही. ब्लॉकला बर (घासायचं हत्यार) लावायच्या आधी इंजिन किती आरपीएमला फिरवायचं ते ठरवा. मूळ गाडी ७५०० ला ११ पीएस देते. ड्रॅगसाठी, चार गिअरवर, १०,००० च्या आसपास टॉप पॉवर धरा. खालचा सगळा हिशेब त्यावर आहे.

आधी मोजमाप. क्रँकवर अंशांची चकती लावा. प्लगच्या भोकातून डायल गेज घालून टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो तो बिंदू) शोधा. नुसत्या गेजवर विसंबू नका, कारण टीडीसीजवळ पिस्टन दोन-तीन अंश हलतच नाही. टीडीसीच्या अलीकडे आणि पलीकडे गेजवर सारखाच आकडा येईल असे दोन बिंदू घ्या, त्यांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी. मग पिस्टनची वरची कड एक्झॉस्टच्या वरच्या कडेशी येते तो अंश टिपा. उघडण्याचा आणि मिटण्याचा, दोन्ही. त्यांच्यातलं अंतर म्हणजे ड्युरेशन. ट्रान्सफर पोर्टचंही (क्रँककेसमधून ताजं मिश्रण वर येतं त्या खिडक्या) तसंच, डावे-उजवे वेगवेगळे.

आता मिलिमीटर. स्ट्रोक (पिस्टनची खाली-वर चाल) ५० आहे. रॉड मध्यापासून मध्यापर्यंत १०० मिमी धरून आकडे देतो. तुमचा रॉड मोजून घ्या, पण तो ५ मिमीने लांब निघाला तरी १८४ अंशाला फरक जेमतेम ०.१५ मिमीचा पडतो. टीडीसीला पिस्टनची कड जिथे असते तिथून खाली मोजायचं:

एक्झॉस्ट १७० अंश = ३०.३ मिमी
एक्झॉस्ट १८० अंश = २८.२ मिमी
एक्झॉस्ट १८४ अंश = २७.३ मिमी
एक्झॉस्ट १९० अंश = २६.० मिमी
ट्रान्सफर १२० अंश = ३९.९ मिमी
ट्रान्सफर १२६ अंश = ३८.९ मिमी
ट्रान्सफर १३० अंश = ३८.२ मिमी

टीडीसीला पिस्टन ब्लॉकच्या माथ्यापेक्षा जितका खाली राहतो तेवढं यात मिळवा, म्हणजे ब्लॉकच्या माथ्यापासूनचं माप मिळेल. हे मिळवायचं राहिलं की पोर्ट हव्यापेक्षा वर जातो, आणि ब्लॉकवरचं काढलेलं परत चिकटवता येत नाही.

म्हणजे एक्झॉस्टला १० अंश वाढवायला साधारण २.२ मिमी लागतात. ४ मिमी म्हणजे एकदम १८ अंश. सध्याचा पोर्ट १७० ला असला तर तो १८८ ला जाईल, आणि कुणी आधीच घासलेला असला तर थेट १९५ च्या पलीकडे. ब्लॉक जुना, दुसऱ्या ओव्हरसाइझचा, म्हणजे आधी कुणाच्या तरी हातातून गेलेला. म्हणून मोजल्याशिवाय हात लावू नका.

१०,००० साठी एक्झॉस्ट १८४, ट्रान्सफर १२६. दोन्हींमधला फरक ५८, त्याचा निम्मा २९ अंश हा ब्लोडाउन. जळालेला वायू बाहेर पडून सिलिंडरमधला दाब उतरायला एवढाच वेळ मिळतो. नुसता एक्झॉस्ट वर घेतला तर ब्लोडाउन मिळतो पण खालची ओढ जाते. नुसते ट्रान्सफर वर घेतले तर दाब उतरायच्या आत ते उघडतात, जळका वायू उलटा क्रँककेसमध्ये शिरतो. गाडी वर जाऊन अडखळते, आणि माणूस कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) बदलत बसतो.

रुंदी: एक्झॉस्टला मधला खांब नाही, म्हणून सरळ रेषेतली रुंदी बोअरच्या ६२ ते ६५ टक्क्यांवर थांबवा. ५०.५ च्या बोअरला ती ३१.३ ते ३२.८ मिमी. बोअरच्या आत कागद दाबून पोर्टचा छाप घेतला तर तो वक्र आहे, सपाट कागदावर हेच माप ३३.८ ते ३५.७ दिसेल. यात गल्लत झाली की एकतर पोर्ट लहान राहतो, नाहीतर रिंग फुगून कडेत अडकते. वरची कड सरळ आडवी ठेवू नका, हलकी कमान द्या, म्हणजे रिंग हळूहळू आत ढकलली जाते.

काम झाल्यावर प्रत्येक पोर्टच्या कडेला अर्ध्या मिलिमीटरची गोलाई द्या. आणि रिंगची टोकं (पिस्टनमधल्या खुंटीपाशी असतात ती) कुठल्याही रुंद केलेल्या खिडकीवरून जात नाहीत ना, हे हेड न लावता क्रँक फिरवून डोळ्यांनी बघा. टोक खिडकीत आलं की रिंग पहिल्याच रनला तुटते.

ट्रान्सफरचं छप्पर सरळ डाय ग्राइंडरने होत नाही. ५० मिमीच्या नळीत हत्यार वाकडंच शिरतं आणि छप्पर उताराचं होऊन बसतं. काटकोनी हँडपीस लागतो. तो नसेल तर त्या कामाला हात घालू नका. डाव्या-उजव्या ट्रान्सफरच्या उंचीत ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक नको. शेवटी होनिंग (बोअर दगडाने बारीक घासणं), आणि होनिंगनंतर ब्लॉक गरम पाण्याने, साबणाने, ब्रशने धुवायचा. नुसत्या पेट्रोलने होनिंगची कच निघत नाही.

धूरकट

वरच्या सगळ्याला दुजोरा. दोन गोष्टी राहिल्या.

पहिली: कुठल्या क्लासमध्ये उतरणार? मूळ ५० बाय ५० म्हणजे ९८.२ सीसी. पहिल्या ओव्हरसाइझला ९९.२. तुमच्या ५०.५० ला १००.१५ सीसी होतात! क्लास "१०० सीसीपर्यंत" असला आणि नियमात ओव्हरसाइझची सवलत लिहिलेली नसली तर तपासणीत गाडी बाहेर जाईल. आयोजकांची नियमपुस्तिका आधी वाचा. सवलत नसेल तर ब्लॉकला नवा लायनर टाकून परत ५० वर आणणं हाच मार्ग, आणि ते पोर्टिंगच्या आधी करायचं, नंतर नाही.

दुसरी: चार गिअर. लोक १९५ अंश, १२,००० आरपीएम असं काहीतरी इंटरनेटवरून उचलतात. ते सहा गिअरच्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे आकडे असतात. आरएक्सच्या बॉक्समध्ये दोन गिअरमधली दरी मोठी. गिअरच्या जोड्यांचे दात मोजा आणि प्रत्येक बदलाला आरपीएम किती पडतो ते काढा. समजा एखाद्या बदलाला ३० टक्के घट आहे. १०,५०० ला गिअर टाकलात तर इंजिन ७३५० वर येतं. तुमची पॉवर ८५०० ला सुरू होत असेल तर त्या मधल्या हजारभर आरपीएममध्ये शेजारची साधी, जवळपास स्टॉक गाडी पुढे निघून जाते. डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) दोन पीएस जास्त दाखवणारी गाडी पट्टीवर हरते ती अशी.

म्हणून चेंबर तयार घेऊ नका, घेतलं तर मोजून घ्या. लांबीचा हिशेब सोपा आहे. एक्झॉस्ट उघडल्यावर दाबाची लाट चेंबरच्या मागच्या कोनापर्यंत (निमुळता, शंकूसारखा भाग) जाऊन पोर्ट मिटायच्या आत परत यायला हवी. गरम वायूत तिचा वेग सेकंदाला ५१५ मीटरच्या आसपास. त्यावरून:

लांबी (मिमी) = एक्झॉस्टचे अंश × ४३,००० ÷ आरपीएम

१८४ × ४३,००० ÷ १०,००० = ७९१ मिमी. हे पिस्टनच्या कडेपासून मागच्या कोनाच्या मध्यापर्यंत, नळीच्या मध्यरेषेवरून, वळणासकट मोजायचं. तयार चेंबरवर दोरी टाकून हे माप घ्या. ७०० भरलं तर ते तुमच्या पोर्टला ११,३०० ला लागू पडेल, आणि तुमचं इंजिन तिथे जाणारच नाही.

बाकी मापं साधारण अशी: सुरुवातीची नळी आतून ३३ मिमी, पिस्टनपासून २६० मिमीपर्यंत. पोट ८० ते ८२ मिमी. मागचा कोन फार आखूड नको. बाजूचा उतार मध्यरेषेशी ८ अंशांच्या आसपास ठेवला की पॉवर पसरट मिळते. १०-११ केला की टोकदार होते, आणि चार गिअरला टोकदार पॉवर कामाची नाही. शेवटची बारीक नळी आतून २० मिमी, लांबी साधारण २४० मिमी. ही नळी १८ ची केली की गाडीला पिकअप जास्त वाटतो, पण उष्णता कोंडते आणि पिस्टनच्या मध्यभागी भोक पडतं. शंका असेल तर मोठीच ठेवा. १ मिमीची सीआर (कोल्ड रोल्ड स्टील) शीट पुरते.

सुरुवातीची नळी सरकत्या जोडाची आणि स्प्रिंगांनी धरलेली करा. २० मिमी आत-बाहेर म्हणजे अडीच टक्के, म्हणजे टॉप पॉवर २५० आरपीएमने सरकते. पट्टीवर पाना न लावता एवढं बदलता येणं फार उपयोगाचं.

रीडव्हॉल्व्ह

कार्ब्युरेटरचं सांगतो. व्यासासाठी चालणारा ठोकताळा: लिटरमधली क्षमता गुणिले आरपीएम, त्याचं वर्गमूळ, गुणिले ०.८. तुमचे ०.१ × १०,००० = १०००, वर्गमूळ ३१.६, म्हणजे २५.३ मिमी. २६ घ्या. मूळच्या २० ला हाच गुणक ०.७४ येतो, तोही ७५०० ला. म्हणजे १०,००० ला २० मिमी गळा आवळणार हे उघड आहे. २८ बसवला तर ०.८८ होतो. वर जाऊन चालेल, पण गिअर पडल्यावर गळ्यातला हवेचा वेग कमी होतो, पेट्रोल नीट फुटत नाही आणि गाडी "ब्बॉ" करून उभी राहते. चार गिअरची गाडी, त्यामुळे २६ च.

रीड (इनटेकमधली एकाच दिशेने उघडणारी झडप): जुन्या स्टीलच्या पात्या ताबडतोब काढा. मूळ आरपीएमला त्या वर्षानुवर्षं टिकतात, १०,००० ला फडफडून टोकाला चिरतात आणि तुटलेला तुकडा थेट पोर्टमधून पिस्टनवर जातो. ०.३५ ते ०.४ मिमीच्या फायबरच्या पात्या लावा. बंद असताना पातीमागून उजेड दिसता कामा नये. रबरी मॅनिफोल्डचं तोंड २६ च्या कार्ब्युरेटरला जुळवून घासा. जुन्या रबराला वाकवून बघितलं की बारीक चिरा दिसतात. दिसल्या तर फेकून द्या, तिथूनच हवा ओढली जाते.

आता ई२०. फरक पडतो. साध्या पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ ला १ असतं, २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला ते १३.५ च्या आसपास येतं. म्हणजे त्याच हवेला सुमारे ९ टक्के जास्त इंधन लागतं. जुन्या चर्चांमधला "१५० चा जेट बरोबर बसला" असा आकडा आज जसाच्या तसा घेतलात तर मिश्रण पातळ होऊन पिस्टन धरेल (सिलिंडरमध्ये अडकेल). १६० ते १६५ कडे जावं लागेल. शिवाय ऑइल पंप काढून पेट्रोलमध्ये तेल मिसळलं की ४ टक्के तेलाने तेवढीच पेट्रोलची जागा घेतली, म्हणजे मिश्रण आणखी थोडं पातळ. जास्त तेल म्हणजे सुरक्षित, हा समज म्हणून अर्धाच खरा.

२६ च्या मिकुनीला सुरुवात १८० ने करा. पूर्ण थ्रॉटलला गाडी गुरगुरेल, ते चालेल. एकेक पायरी खाली या. प्रत्येक जेटला नवा प्लग लावून वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलने रन घ्या, आणि थ्रॉटल न सोडता किल स्विच आणि क्लच एकदम दाबा. थ्रॉटल सोडून, तशीच चालवत परत आलात तर प्लगवर जे दिसतं ते परतीच्या रस्त्याचं असतं. प्लगच्या चिनी मातीचं टोक बघू नका; आत खोल, जिथे ती धातूला टेकते, तिथे फिकट तपकिरी कडं दिसलं पाहिजे. मातीवर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके किंवा चकाकणारे बारीक मणी दिसले तर थांबा. ते मणी पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे.

तेल: १ लिटरला ४० मिली (१:२५). रेसला लागेल तेवढंच त्या दिवशी मिसळा. ई२० हवेतली वाफ ओढतं, आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल पाण्यासकट तळाशी बसतं. टाकीच्या तळातूनच पेट्रोल येत असल्याने इंजिनाला पहिला घोट त्याचाच मिळतो, ज्यात तेल जवळपास नसतंच. रेस झाली की टाकी आणि फ्लोट चेंबर रिकामं करा.

आणखी एक, जे कुणी बघत नाही: पेट्रोलचा कॉक. नळी बाटलीत सोडा आणि एक मिनिट मोजा. २५० मिली तरी आलं पाहिजे. जुन्या कॉकची जाळी गाळाने भरलेली असली की पहिले तीनशे मीटर गाडी मस्त जाते आणि शेवटच्या शंभरात फ्लोट चेंबर आटतं. पिस्टन तिथेच धरतो, आणि खापर जेटवर फुटतं.

बारीकराव

हेड आणि इग्निशन कुणी घेतलं नाही, म्हणून.

हेड २ मिमी मारणं हा सल्ला धोक्याचा आहे. पिस्टनची कड आणि हेड यांच्यातली फट किती आहे ते माहीत नसताना २ मिमी काढले तर पिस्टन हेडला थडकू शकतो. न थडकला तरी ५०.५ च्या बोअरला २ मिमी म्हणजे ४ सीसी जागा एकदम गेली. आधी दीड मिमीची सोल्डर तार घ्या. पिस्टनवर गजन पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या) रेषेत, दोन्ही बाजूंना, ग्रीसने चिकटवा. हेड पॅकिंगसकट आवळा, क्रँक एकदा फिरवा, तारेचं चेपलेलं टोक मायक्रोमीटरने मोजा. पिनच्या रेषेतच का, तर दुसऱ्या दिशेला पिस्टन डुलतो आणि आकडा खोटा येतो. तुम्हाला ०.८ ते ०.९ मिमी हवी. ०.६५ च्या खाली १०,००० ला रॉड ताणला जाऊन पिस्टन लागतो. सव्वा-दीड मिमी ठेवली तर कडेचं मिश्रण हलतच नाही आणि ठोका (मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट) सुरू होतो. म्हणजे मोकळी फट सुरक्षित नसते, उलट असते.

मग जागेचं माप. सिरिंजने किंवा ब्युरेटने रॉकेल आणि थोडं २टी तेल, पिस्टन टीडीसीला, कडेला ग्रीस, प्लगच्या आट्यांच्या खालच्या कडेपर्यंत. १८४ अंशाचा एक्झॉस्ट मिटतो तेव्हा पिस्टन टीडीसीपासून २७.३ मिमी खाली असतो, म्हणजे प्रत्यक्षात दाबले जातात ते ५४.७ सीसीच. हेडमधली जागा ९.२ सीसी ठेवली तर खरं कॉम्प्रेशन ६.९ येतं (पूर्ण स्ट्रोकवर ११.९). पंपावरच्या ९५ ऑक्टेनला हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाने इथेच थांबावं. १०० ऑक्टेन भरणार असाल तर ८.४ सीसीपर्यंत, म्हणजे ७.५ आणि १२.९. त्यापुढे जाऊन मिळतं ते मधल्या आरपीएमला. वरच्या टोकाला काहीच मिळत नाही, नुसती उष्णता.

हेडच्या कडेची सपाट पट्टी क्षेत्रफळाच्या ४५ ते ५० टक्के ठेवा. म्हणजे लेथवर मधला घुमट ३५.७ ते ३७.५ मिमी व्यासाचा, आणि पट्टीचा उतार पिस्टनच्या माथ्याच्या उताराला जुळता.

पॉइंट १०,००० ला ठेवू नका. स्प्रिंगला तेवढ्या वेगाने मिटायला जमत नाही, पॉइंट तरंगतात आणि स्पार्क इकडेतिकडे पडतो. आरएक्स १३५ चा मॅग्नेट, कॉइल प्लेट आणि सीडीआय (पॉइंटविना चालणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन) असा पूर्ण संच बसवतात. मॅग्नेट क्रँकच्या टेपरवर मार्किंग ब्लू लावून बसवून बघा. निळा रंग किमान तीन चतुर्थांश भागावर उमटला पाहिजे. नाही उमटला तर व्हॉल्व्ह पेस्टने घासून बसवा. नट कितीही आवळला तरी टेपर नीट बसला नसेल तर चावी कापली जाते आणि टायमिंग सरकतं.

टायमिंग: २० अंश म्हणजे १.८७ मिमी, १८ म्हणजे १.५२, १६ म्हणजे १.२१ (टीडीसीच्या आधी, रॉड परत १०० धरून). संचात स्पार्कची वेळ आरपीएमनुसार बदलत नसेल तर १७-१८ ला बांधा. मूळ पुस्तकातला आकडा कमी आरपीएमच्या इंजिनासाठी आहे. चेंबर लागल्यावर सिलिंडर जास्त भरतं, मिश्रण लवकर जळतं, म्हणून स्पार्क मागे घ्यायचा. थोडा उशिराचा स्पार्क चेंबर गरम करतो, लाट वेगाने धावते आणि टॉपनंतर दोन-तीनशे आरपीएम जास्त मिळतात. शेवटच्या गिअरला तेच हवं असतं. प्लग मूळपेक्षा एक-दोन पायऱ्या थंड, एनजीकेत आकडा जितका मोठा तितका थंड: बी९एचएस.

किकमार

सगळ्यांचे आभार. क्लासचं बघितलं, ओव्हरसाइझची सवलत लेखी आहे, त्यामुळे ५०.५० वरच राहतो. दोन शंका. ट्रान्सफर घासण्याऐवजी ब्लॉकखाली जाड पॅकिंग किंवा प्लेट टाकून ब्लॉकच वर घेतला तर? काटकोनी हँडपीस माझ्याकडे नाही. आणि क्रँक बाहेरच आहे, त्याचं काय करून घेऊ?

लेथवाला_भोसरी

हँडपीस नसेल तर तुमच्यासाठी प्लेटच बरी. ब्लॉक ०.५ मिमी वर घेतला की ट्रान्सफर सुमारे ३ अंशांनी आणि एक्झॉस्ट सुमारे २.३ अंशांनी वाढतो. म्हणजे ट्रान्सफर आत्ता १२० ला असतील तर १ मिमीची ॲल्युमिनियम प्लेट टाकून ते १२६ ला येतात, घासावं काहीच लागत नाही. मग एक्झॉस्ट मोजायचा आणि जेवढा कमी पडेल तेवढाच घासायचा. एक्झॉस्टला सरळ ग्राइंडर बाहेरून पोचतो. प्लेटच्या दोन्ही बाजूंना पातळ पॅकिंग येणार, त्यांची जाडी प्लेटमध्ये धरा. जेवढा ब्लॉक वर गेला तेवढाच त्याचा माथा लेथवर मारायचा, नाहीतर बारीकरावांनी सांगितलेली फट दुप्पट होऊन बसेल. माथा मारताना ब्लॉक खालच्या चेहऱ्यावरून नाही, बोअरवरून मँड्रेलवर धरायला सांगा. खालचा चेहरा जुन्या ब्लॉकमध्ये क्वचितच चौरस असतो.

प्लेटमधल्या ट्रान्सफरच्या खिडक्या क्रँककेसच्या तोंडाशी आणि ब्लॉकशी जुळवून कापा. तिथे पायरी राहिली तर सगळं मुसळ केरात.

बारीकराव

क्रँक: नवा रॉड किट टाकून प्रेसवर जोडून घ्या आणि दोन्ही टोकांना डायल लावून डोल ०.०३ मिमीच्या आत आणायला सांगा. कारागीर तांब्याच्या हातोड्याने ठोकून आणतो ते. १०,००० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १६.७ मीटर होतो. पिन सरकायची भीती हवी नसेल तर दोन्ही बाजूंना टिग वेल्डिंगचा छोटा टाका मारून घ्या, पण डोल काढून झाल्यावर, आणि टाक्यानंतर डोल परत तपासून.

बेअरिंग सी३ फटीची (नेहमीपेक्षा जरा मोकळी). सील दोन्ही नवीन. मॅग्नेटकडचा सील गेला तर हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन धरतो. क्लचकडचा गेला तर गिअर ऑइल ओढलं जातं, धूर येतो आणि बॉक्समधलं तेल कमी होतं. इंजिन जोडल्यावर, सायलेन्सर लावायच्या आधी, इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं रबरी बुचांनी बंद करा आणि ०.४ बार हवा भरा. एका मिनिटात ०.०७ बारपेक्षा जास्त उतरली तर साबणाचं पाणी लावून जागा शोधा. ऑइल पंप काढलात की त्याची जागा प्लेटने बंद होते, तिथेही फुगे बघा. हे अर्ध्या तासाचं काम न करता जेटिंगला बसणं म्हणजे फुटक्या मडक्यात पाणी भरणं.

पिस्टनची फट ०.०५ ते ०.०६, रिंगचं तोंड ०.२० ते ०.३०. पहिल्या रननंतर ब्लॉक काढून पिस्टन वाचा. चारही कोपऱ्यांवर उभे ओरखडे असतील तर फट कमी पडली किंवा थंड इंजिन ओढलं. फक्त एक्झॉस्टकडे असतील तर पातळ मिश्रण. माथ्याची कड वाळूने मारल्यासारखी खडबडीत असेल तर ठोका: आधी ऑक्टेन आणि फट बघा, मग टायमिंग. मध्यभागी खड्डा असेल तर टायमिंग पुढे, नाहीतर गरम प्लग किंवा बारीक शेवटची नळी. इनटेककडे ओरखडे असले तर फिल्टरविना धूळ खाल्लेली.

धूरकट

आणि रजिस्ट्रेशन नंबर असलेल्या गाडीत हे इंजिन बसवून रस्त्यावर काढू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, शिवाय हे चेंबर ऐकून पोलीस दोन चौक आधी उठून उभे राहतील. ट्रेलरवर न्या.

फ्रंट स्प्रॉकेट १४ वरून १३ केलं की गिअरिंग साधारण सात टक्क्यांनी आखूड होतं. शेवटच्या गिअरमध्ये रेषा ओलांडताना इंजिन टॉप पॉवरच्या दोन-तीनशे वर असावं असं मागचं स्प्रॉकेट निवडा. तिसऱ्यातच रेषा येत असेल तर गिअरिंग लांब आहे.

किकमार

शेवटचं. जेटिंग पुण्यात करणार आणि पहिला इव्हेंट समुद्रसपाटीला आहे. जेट तोच ठेवू?

रीडव्हॉल्व्ह

नाही. पुणे साडेपाचशे मीटरवर, हवेचा दाब खालच्यापेक्षा सहा-साडेसहा टक्के कमी. खाली उतरलात की इंजिनाला तेवढी जास्त हवा मिळते आणि पुण्याचा जेट पातळ पडतो. पुण्यात १६० बसला तर खाली १७० ने सुरू करा आणि प्लग बघून १६५ वर या. सकाळच्या गार हवेतला सराव आणि दुपारची फायनल यातही एका पायरीचा फरक पडतो. सकाळी मोठा जेट, दुपारी गाडी गुरगुरली तर एक खाली. सोबत १५५ ते १८० पर्यंत सगळे जेट, चार नवे प्लग आणि फ्लोट चेंबरचं एक जादा पॅकिंग ठेवा. जेट अस्सल मिकुनीचेच घ्या. नकली संचात १६० लिहिलेल्यातून कधी १५० जातं, कधी १७०.